मेमरीचा खरा पत्ता

संगणकावर एकाच वेळी अनेक आज्ञावल्या चालू असतात. एका खिडकीत बँकेचे संकेतस्थळ उघडलेले असते, दुसरीत गाणे वाजत असते, तिसरीत इंटरनेटवरून नुकताच उतरवून घेतलेला एखादा खेळ सुरू असतो. या सर्वांची माहिती संगणकाच्या एकाच मेमरीत, त्याच मोजक्या चिपांवर शेजारी शेजारी ठेवलेली असते. तरीही खेळाच्या आज्ञावलीला बँकेचा परवलीचा शब्द वाचता येत नाही. मध्ये भिंत नसते की कुलूप नसते. असते ती केवळ पत्त्यांची व्यवस्था. खेळाला जे पत्ते उच्चारता येतात, त्यांपैकी एकही त्या शब्दापर्यंत पोहोचत नाही. ही व्यवस्था सांभाळण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे असते. गेल्या दीड दशकातील संगणकसुरक्षेच्या अनेक गाजलेल्या बातम्यांचे मूळ शोधत गेले, तर ते या पत्त्यांच्या हिशेबातच सापडते.

मेमरीतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो. प्रोसेसरकडून मेमरीच्या नियंत्रकाकडे जो क्रमांक जातो, तो त्या बाइटचा भौतिक पत्ता. आज्ञावली मात्र हा क्रमांक कधीच वापरत नाही. ती जो क्रमांक वापरते तो आभासी पत्ता. गावोगावच्या सातबाऱ्याशी ही गोष्ट ताडून पाहता येईल. गट क्रमांक बारा जवळजवळ प्रत्येक गावात असतो, पण प्रत्येक गावातली जमीन वेगळी असते. केवळ ‘गट क्रमांक बारा’ म्हणून भागत नाही. कोणत्या गावचा, हे कळले तरच तलाठी नकाशावर बोट ठेवू शकतो. त्याचप्रमाणे दहा आज्ञावल्या एकच आभासी पत्ता वापरत असल्या, तरी त्यामागची मेमरी दहा ठिकाणची असते. प्रत्येक आज्ञावली म्हणजे जणू एक स्वतंत्र गाव आणि कर्नेल म्हणजे सर्व गावांची दप्तरे सांभाळणारा तलाठी. फरक इतकाच, की या व्यवस्थेत दुसऱ्या गावच्या जमिनीचे नावसुद्धा घेण्याची सोय नसते.

हे रूपांतर बाइटागणिक करणे परवडणारे नाही. म्हणून मेमरीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडतात. आभासी बाजूच्या तुकड्याला पृष्ठ म्हणतात, भौतिक बाजूच्या तुकड्याला चौकट. बहुतेक संगणकांत हा आकार ४,०९६ बाइटांचा असतो. समजा, एखाद्या आज्ञावलीने ८,१९५ हा पत्ता मागितला. ४,०९६ ने भागले की भागाकार २ आणि बाकी ३ येते. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या पृष्ठातील तिसरी जागा. कर्नेलने तयार केलेल्या कोष्टकात त्या पृष्ठासमोर चौकट क्रमांक ५७ लिहिलेला असेल, तर ५७ गुणिले ४,०९६ अधिक ३, म्हणजे २,३३,४७५ हा भौतिक पत्ता झाला. या कोष्टकाला पेज टेबल किंवा पृष्ठकोष्टक म्हणतात. कोष्टक लिहिते कर्नेल, पण ते वाचून गणित करण्याचे काम प्रोसेसरमधील एक स्वतंत्र भाग दर क्षणी करत असतो. कर्नेलने प्रत्येक पत्त्यात स्वतः लक्ष घालायचे म्हटले असते, तर संगणक मुंगीच्या गतीने चालला असता.

मँचेस्टरचे ‘अ‍ॅटलस’

ही कल्पना वैयक्तिक संगणकांपेक्षा बरीच जुनी आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या ‘अ‍ॅटलस’ या संगणकाचे उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी झाले. त्याची जलद मेमरी १६,३८४ शब्दांची होती, तर फिरत्या चुंबकीय ड्रमवर त्याच्या सहापट शब्द मावत. ड्रम स्वस्त पण संथ होता, तर जलद मेमरी अतिशय महाग. कोणता मजकूर केव्हा ड्रमवरून मेमरीत आणायचा याची आखणी तोवर आज्ञावली लिहिणाऱ्यालाच करावी लागे. किलबर्न यांच्या गटाने मेमरीची ५१२ शब्दांची ३२ पृष्ठे पाडली आणि प्रत्येकासाठी एक नोंदस्थान ठेवले. मागितलेले पृष्ठ मेमरीत नसेल तर यंत्र थांबे, देखरेख करणारी आज्ञावली ते ड्रमवरून आणे आणि काम पुढे सुरू होई. आज्ञावलीला ही धावपळ कळतही नसे. दोन प्रकारच्या साठ्यांचा मिळून एकच साठा असल्याचा हा भास म्हणजेच आभासी मेमरी. आज आपण तिच्याकडे सुरक्षेच्या अंगाने पाहतो. तिच्या जनकांना मुख्यतः काटकसर हवी होती.

घरोघरी आलेल्या संगणकांना हे शहाणपण उशिरा लाभले. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये आभासी पत्ता असा प्रकारच नव्हता. त्याचा प्रोसेसर जास्तीत जास्त एक मेगाबाइट मेमरीचे पत्ते ओळखे आणि त्यांतील ६४० किलोबाइटच आज्ञावल्यांसाठी मोकळी असे. डॉसवर चालणारी कोणतीही आज्ञावली कोणत्याही भौतिक पत्त्यावर हवे ते लिहू शके. षोडशमान पद्धतीत बी८००० या पत्त्यावर एक अक्षर लिहिले, की ते थेट पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात उमटे. कारण तो पत्ता मेमरीच्या चिपचा नव्हे, पडदा रंगवणाऱ्या कार्डाचा होता. शिकणाऱ्याला यात मोठी गंमत वाटे. मात्र अगदी शून्यापासून सुरू होणारे पत्तेही तसेच उघडे होते. कळफलकाची कळ दाबली असता कोणती आज्ञावली धावून येईल, हे तिथे नोंदलेले असे. विषाणू लिहिणाऱ्याने ती नोंद बदलली, की प्रत्येक कळ आधी त्याच्याकडे जाई. त्या काळच्या विषाणूंना भिंत ओलांडावी लागत नव्हती, कारण भिंतच नव्हती.

इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरने १९८५ मध्ये ४,०९६ बाइटांच्या पृष्ठांची सोय वैयक्तिक संगणकात आणली. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती लिहिली, ती याच प्रोसेसरवर. पुढील विवेचनातील बरेच दाखले लिनक्सचे आहेत. त्याचा मजकूर सर्वांना खुला असल्याने काय घडले, केव्हा घडले आणि का घडले हे त्यात तपासता येते.

कोष्टकाचे कोष्टक

३२ बिटांच्या संगणकात चार गिगाबाइटपर्यंत पत्ते देता येतात, म्हणजे सुमारे साडेदहा लाख पृष्ठे. प्रत्येक नोंद चार बाइटांची धरली तर एका आज्ञावलीचे कोष्टकच चार मेगाबाइटचे झाले. १९८५ मध्ये अनेक संगणकांत तेवढी एकूण मेमरीही नसे. म्हणून कोष्टक दोन पातळ्यांचे केले गेले. वरचे कोष्टक खालच्या कोष्टकांचे ठावठिकाणे सांगते, आणि जिथे काहीच ठेवलेले नाही त्या भागाची खालची कोष्टके तयारच होत नाहीत. आजच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरांवर पत्त्याचे ४८ बिट वापरात असतात. तिथे सरळ एक कोष्टक केले, तर एका आज्ञावलीसाठी ते ५१२ गिगाबाइटचे होईल. त्यामुळे पातळ्या चार झाल्या, आणि नव्या सर्व्हरांसाठी पाचवीही आली. लिनक्सने ती २०१७ मध्ये स्वीकारली.

सर्वांत वरचे कोष्टक कुठे आहे, हे प्रोसेसरला सांगताना कर्नेलला भौतिक पत्ताच द्यावा लागतो. आभासी पत्ता दिला, तर तो उलगडण्यासाठी पुन्हा कोष्टक लागेल आणि कोष्टक शोधण्यासाठी कोष्टक असा न संपणारा फेरा सुरू होईल. कर्नेलने एका आज्ञावलीला थांबवून दुसरीला संधी दिली, की हा एक पत्ता बदलतो आणि प्रोसेसरसमोरचे सारे गाव बदलते.

चार पातळ्या म्हणजे प्रत्येक वाचनासाठी आधी चार वाचने आली. हा भुर्दंड टाळण्यासाठी प्रोसेसर अलीकडे वापरलेली रूपांतरे एका छोट्या टिपणवहीत लिहून ठेवतो. कोष्टकातील नोंद बदलल्यावर टिपणवहीतील जुनी नोंद खोडायला कर्नेल विसरले, तर प्रोसेसर जुन्याच पत्त्यावर जात राहतो. कर्नेल लिहिणाऱ्यांना ज्या चुका शोधताना सर्वाधिक त्रास होतो, त्यांत हिचा क्रमांक बराच वर लागेल. कारण ती कधी घडते, कधी घडत नाही.

नोंदीत चौकटीच्या क्रमांकासोबत काही शेरेही असतात. पृष्ठ सध्या मेमरीत आहे का, त्यात लिहिण्याची मुभा आहे का, ते फक्त कर्नेलसाठी राखीव आहे का. शेऱ्याविरुद्ध काही घडले की प्रोसेसर काम थांबवून कर्नेलला हाक मारतो. याला पेज फॉल्ट म्हणतात. नावात फॉल्ट असला तरी बहुतेक वेळा त्यात दोष काहीच नसतो. आज्ञावलीने शंभर मेगाबाइट मागितले तर लिनक्स ते लगेच देत नाही, फक्त होकार देते. आज्ञावली एखाद्या पृष्ठाला प्रथम हात लावते तेव्हा फॉल्ट होतो आणि त्या क्षणी एक चौकट बहाल केली जाते. सगळे ठेवीदार एकाच दिवशी येणार नाहीत या भरवशावर बँक चालते, तसाच हा व्यवहार. ते आलेच, तर कर्नेल एखादी आज्ञावली बंद करून तिची मेमरी मोकळी करते.

दुसरी काटकसर सामायिक चौकटींची. एकाच आज्ञावलीच्या दोन प्रती चालू असतील, तर दोघींच्या कोष्टकांत त्याच चौकटी नोंदल्या जातात आणि त्यांवर ‘लिहू नये’ असा शेरा असतो. कोणी लिहू लागले की फॉल्ट होतो, कर्नेल त्या पृष्ठाची नक्कल काढते आणि लिहिणाऱ्याला नक्कल देते. या नक्कल काढण्याच्या क्रियेत अगदी थोडा वेळ अशी एक फट राहिली होती, की नक्कल देण्याऐवजी मूळ चौकटीवरच लिहिले जाऊ शके. ‘डर्टी काऊ’ या नावाने ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीस आलेला हा दोष लिनक्समध्ये २००७ पासून होता. त्याचा फायदा घेऊन सामान्य वापरकर्ता, ज्या फायली त्याने केवळ वाचाव्यात अशी अपेक्षा होती, त्या बदलून संगणकाचा ताबा मिळवू शके. जगभर हजारो डोळ्यांखालून गेलेला मजकूर नऊ वर्षे तसाच राहिला, ही गोष्ट खुल्या प्रणालींच्या कट्टर समर्थकांनीही लक्षात ठेवावी अशी आहे.

उपकरणांची भाषा

कर्नेल स्वतःसुद्धा आभासी पत्तेच वापरते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. ३२ बिटांच्या लिनक्समध्ये चार गिगाबाइटपैकी खालचे तीन आज्ञावलीला आणि वरचा एक कर्नेलला, अशी वाटणी रूढ होती. आपल्या वाट्यात कर्नेलने भौतिक मेमरीची सरळ प्रतिमा मांडली होती. आभासी पत्त्यातून तीन गिगाबाइट वजा केले की भौतिक पत्ता मिळे. कोष्टक पाहायची गरज नसे. अशी सरळ मांडणी ८९६ मेगाबाइटपर्यंतच पुरे. उरलेले १२८ मेगाबाइट इतर कामांसाठी राखीव असत. टोरवाल्ड्स यांनी सुरुवात केली तेव्हा ८९६ मेगाबाइट ही संख्या चैनीची वाटली असेल. दहा वर्षांतच एक गिगाबाइटचे संगणक बाजारात आले आणि वरच्या मेमरीसाठी कर्नेलला तात्पुरत्या नोंदी करण्या-पुसण्याचा व्याप करावा लागला. ६४ बिटांच्या प्रोसेसरांनी हा प्रश्न मिटवला. तिथे पत्त्यांचा सुकाळ असल्याने संपूर्ण भौतिक मेमरी कर्नेलच्या बाजूला सरळ मांडता आली.

पत्त्यांच्या टंचाईची झळ सामान्य ग्राहकालाही बसली होती. चार गिगाबाइट मेमरी घातलेला संगणक ३२ बिटांच्या विंडोजमध्ये सव्वातीन किंवा साडेतीनच दाखवतो, अशी तक्रार २००७-०८ च्या सुमारास सर्रास ऐकू येई. विक्रेत्याने फसवले असा समज होई. प्रत्यक्षात ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड यांनाही भौतिक पत्ते लागतात आणि ते चार गिगाबाइटच्या खालच्या टोकदार जागेतच द्यावे लागत. तेवढ्या पत्त्यांमागची मेमरी झाकली जाई. ३६ बिटांचे भौतिक पत्ते देणारी सोय इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरपासूनच ठेवली होती. पण उपकरणांचे अनेक ड्रायव्हर मोठा पत्ता अर्धवट कापून वापरत आणि संगणक कोलमडे. म्हणून मायक्रोसॉफ्टने घरगुती आवृत्त्यांत चार गिगाबाइटची मर्यादा कायम ठेवली.

ड्रायव्हर लिहिणाऱ्याला भौतिक पत्त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. डिस्क किंवा कॅमेरा प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत माहिती ओततो, आणि त्याला आभासी पत्त्यांची कोष्टके दिसत नाहीत. आभासी बाजूला सलग दिसणारी जागा भौतिक बाजूला शंभर ठिकाणी विखुरलेली असू शकते. तिचा नुसता आरंभ उपकरणाला सांगितला, तर पहिल्या पृष्ठानंतरची माहिती भलत्याच कोणाच्या मेमरीवर जाऊन पडेल. बराच वेळ चालू असलेल्या संगणकात मोठी सलग भौतिक जागा मिळणे मुश्कील होत जाते, रेल्वेच्या डब्यात सुटी आसने असूनही कुटुंबाला एकत्र जागा न मिळावी तसे. मोबाइलच्या कॅमेऱ्याला अशी जागा हमखास मिळावी म्हणून लिनक्सच्या २०१२ मधील ३.५ या आवृत्तीत खास योजना आली. कॅमेरा बंद असेपर्यंत ती जागा इतर वापरतात आणि तो उघडताच ती रिकामी करून दिली जाते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक गंभीर प्रकार उजेडात आला. सॅमसंगच्या एक्झिनोस ४ मालिकेतील प्रोसेसर असलेल्या गॅलक्सी एस २, एस ३ आणि नोट २ यांसारख्या फोनांत एक ड्रायव्हर होता. कॅमेरा आणि चित्रांशी संबंधित आज्ञावल्यांना भौतिक मेमरी हाताळता यावी, हा त्याचा हेतू. आज्ञावलीने एखादा भौतिक पत्ता सांगावा आणि ड्रायव्हरने त्याची नोंद तिच्या कोष्टकात करून द्यावी, इतके सोपे त्याचे काम. मागितलेला पत्ता कॅमेऱ्याच्या जागेतला आहे की खुद्द कर्नेलच्या, हे मात्र तो तपासत नव्हता; आणि त्याचे दार प्रत्येक आज्ञावलीला उघडे ठेवलेले होते. म्हणजे फोनवर उतरवलेला कोणताही क्षुल्लक खेळ साऱ्या मेमरीत वाचू आणि लिहू शकत होता. परवानग्या मागणारी अँड्रॉइडची सारी तटबंदी जागेवर होती, पण तिच्या आत थेट उतरणारा जिना कोणी तरी बांधून ठेवला होता. कंपनीने नंतर दुरुस्ती पाठवली. डॉसच्या काळात सर्वच पत्ते उघडे होते तेव्हा घरच्या संगणकावर बँकेचे व्यवहार सहसा होत नव्हते. २०१२ मध्ये ते खिशातल्या फोनवर होत होते.

उपकरणांच्या बाजूनेही धोका असतो. बाहेरून जोडलेले एखादे उपकरण थेट मेमरी वाचू शकत असेल, तर कुलूपबंद पडद्याचा उपयोग काय? फायरवायरच्या खोबणीतून असे हल्ले करून दाखवण्यात आले आहेत. त्यावर उपाय म्हणून उपकरणांसाठीही पृष्ठकोष्टक ठेवणारा वेगळा भाग आता प्रोसेसरसोबत येतो. उपकरणालाही खरा पत्ता न देता टोपणपत्ता दिला जातो.

जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाऊन’ जाहीर झाला तेव्हा कर्नेलची वर सांगितलेली सरळ मांडणीच अंगाशी आली. आज्ञावली चालू असताना कर्नेलची पृष्ठेही तिच्याच कोष्टकात असत, फक्त त्यांवर ‘राखीव’ असा शेरा असे. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर वेग वाढवण्यासाठी हा शेरा तपासण्याचे काम पूर्ण होण्याआधीच पुढच्या कामाला हात घालत. नियमभंग लक्षात आल्यावर ते काम रद्द होई, पण त्याच्या खुणा प्रोसेसरजवळच्या जलद साठ्यात राहत आणि वेळ मोजून त्या वाचता येत. कर्नेलच्या बाजूला सगळी भौतिक मेमरी मांडलेली, म्हणजे या वाटेने इतर सर्व आज्ञावल्यांची मेमरीही वाचता येणार. ऑस्ट्रियातील ग्राझ तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी आदल्या वर्षी दुसऱ्याच कारणासाठी एक उपाय सुचवला होता: आज्ञावली चालताना कर्नेलची जवळजवळ सारी पृष्ठे कोष्टकातून काढून टाकावीत. तोच आता सर्वत्र घाईने लागू झाला. कर्नेलमध्ये प्रत्येक खेपेला जाता-येता कोष्टक बदलावे लागल्याने, डिस्क आणि नेटवर्क यांचे काम अधिक करणारे सर्व्हर काही प्रमाणात मंदावले. एएमडीच्या प्रोसेसरांना हा दोष नव्हता.

कोष्टक कितीही काळजीपूर्वक लिहिले तरी ते अखेर मेमरीच्या चिपमध्येच असते. तिथला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म धारित्रातील विद्युतभार, आणि चिपा दाट होत गेल्या तसे हे धारित्र एकमेकांच्या अतिशय निकट आले. एकाच ओळीला वेगाने पुनःपुन्हा वाचत राहिले, तर शेजारच्या ओळीतील एखादा बिट आपोआप उलटतो, हे अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. मार्च २०१५ मध्ये गुगलच्या तज्ज्ञांनी या ‘रोहॅमर’चा वापर करून मेमरी पृष्ठकोष्टकांनी भरून टाकली आणि त्यांतील एका नोंदीतला बिट उलटवला. चौकटीचा क्रमांक बदलला, आणि ती नोंद आज्ञावलीच्या स्वतःच्याच कोष्टकाकडे बोट दाखवू लागली. आता कोष्टक तिच्या हाती आले होते आणि त्यासोबत सारी मेमरी. कर्नेलमध्ये एकही चूक नसताना हे घडले.

अशा हल्ल्यात कोणती चौकट चिपमध्ये कोणाच्या शेजारी आहे याचा अंदाज लागतो, आणि भौतिक पत्ता कळला तर तो सोपा होतो. लिनक्समध्ये २००८ पासून प्रत्येक आज्ञावलीला आपल्या पृष्ठांचे चौकट-क्रमांक एका खास फाइलमधून वाचता येत होते. मेमरीचा वापर मोजण्यासाठी केलेली ती निरुपद्रवी सोय होती. २०१५ मध्ये तिच्यावर बंधन आले. विशेष अधिकार नसलेल्या आज्ञावलीने आज तिथे आपल्या पृष्ठाचा चौकट-क्रमांक विचारला, तर त्या जागी शून्य दिसते.